व्हिडिओ फुकट बघायचे, तर बनवणाऱ्याचं काय?

प्रश्न: चार वर्षं मी आठ पायांच्या कोळ्यांवर व्हिडिओ बनवते. जाळं विणतानाच्या बारा मिनिटांसाठी अकरा रात्री जागले. जाहिरातींचे पैसे येतात, पण एका महिन्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. पुढे हे कशावर चालेल?

उत्तर १: यूट्यूब लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के बनवणाऱ्याला देतं. शॉर्ट्सचं, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचं, गणित वेगळं: आधी सगळा पैसा एकत्र होतो, संगीताचा वाटा निघतो, मग तुमच्या हिश्शातले ४५ टक्के. तेव्हा लांबच बनवा.

उत्तर २: फक्त वर्गणीवर मोठ्यांचंही भागत नाही. नेटफ्लिक्सनं नोव्हेंबर २०२२मध्ये जाहिरातींची स्वस्त योजना आणलीच ना! तरी माझा भरवसा बनवणाऱ्याला थेट पैसे देणाऱ्या प्रेक्षकांवर. पेट्रिऑन ही वेबसाइट २०१३पासून असे पैसे बनवणाऱ्यांपर्यंत पोचवते. मी स्वतः दोघांना दरमहा देतो, आणि त्यांचा नवा व्हिडिओ आला की आपल्या घरचं काही आल्यासारखं वाटतं.

प्रश्नकर्ती: थेट मागायला फार संकोच वाटतो हो. पण त्या अकरा रात्रींचं मोल जाहिरातदार ठरवतो, हे जास्त बोचतं. पुढच्या व्हिडिओच्या शेवटी मागून बघते.

उत्तर २: शेवटी नको, सुरुवातीला मागा. शेवटपर्यंत थोडेच थांबतात.