हात साडेपस्तीस इंच, म्हणून पहिला नंबर?

प्लिमथचे_पंत

काल लायन्सच्या (डेट्रॉइटचा अमेरिकन फुटबॉल संघ) धाग्यावर अथेन्सकर एक वाक्य टाकून झोपायला गेले आणि माझी झोप उडवली. वाक्य असं: "2022 च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हॉन वॉकरला पहिला उचलला ते बरोबरच होतं. कॉलेजातल्या सॅक म्हणजे दहावीचे मार्क. पुढे कामाला येतो तो हात."

तिथे उत्तर दिलं असतं तर संपादक ओरडले असते, म्हणून हा वेगळा धागा. (नवख्यांसाठी: ड्राफ्ट म्हणजे एनएफएल ह्या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू उचलतात तो. सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच खाली पाडणं.)

आधी आकडे, मग शिव्या. 2021 च्या हंगामात मिशिगन विद्यापीठाच्या एडन हचिन्सनच्या (ड्राफ्टमध्ये हा दुसरा गेला, लायन्सकडे) 14 सॅक. मिशिगनमध्ये एका हंगामात तेवढ्या कोणाच्याच नव्हत्या. हाइझमनच्या (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मतदानात दुसरा, आणि तोही डिफेन्सिव्ह लाईनचा, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीचा माणूस. त्याच हंगामात वॉकरच्या सॅक 6. जॉर्जियातली तिन्ही वर्षं मिळवली तरी साडेनऊ. मग इंडियानापोलिसला कंबाइन (ड्राफ्टआधीची मोजमापं आणि चाचण्या) भरलं, पोरांना चड्डीवर उभं करून टेप लावली. वॉकर 272 पौंडांचा, 40 यार्ड 4.51 सेकंदांत, हात साडेपस्तीस इंच. हचिन्सनचा हात 32 आणि वर नखाएवढं काहीतरी. झालं. दोन महिन्यांत चौदा सॅक धुऊन निघाल्या.

27 नोव्हेंबर 2021 ला मी अ‍ॅन आर्बरला मिशिगनच्या स्टेडियममध्ये होतो. हातमोज्यांवर हातमोजे, पायाखाली कार्डबोर्डचा तुकडा (ही युक्ती पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शिकवली, बर्फात खरंच उपयोगी पडते). ओहायो स्टेटला 2011 नंतर हरवलं नव्हतं. त्या दिवशी ह्या पोराने तीन सॅक केल्या, 42-27. ते आजोबा टोपीत तोंड घालून रडत होते. तेव्हा कोणी टेप काढली नव्हती.

अथेन्सकर

पंत, आजोबांचे अश्रू बघून ड्राफ्ट करायचा असेल तर माझी हरकत नाही. पण मग त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरचंही बोला. ऑरेंज बाउल, जॉर्जिया 34, मिशिगन 11. तुमचे चौदा सॅकवाले त्या रात्री कुठे होते? मी टीव्हीसमोर शोधत होतो.

आता मुद्द्याचं. जॉर्जियाच्या त्या डिफेन्समधले पाच जण पहिल्याच फेरीत गेले: वॉकर, जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट, लुईस सीन. अशा संघात एकट्याने सॅक गोळा करायच्या नसतात. स्नॅप (एकेक डाव) वाटून मिळतात, आणि वॉकरला तर कित्येकदा आत, गार्डच्या (समोरच्या फळीतला आतला माणूस) समोर उभा करायचे. गॅप धर आणि बाजूच्याला मोकळा सोड, एवढंच त्याचं काम. आमच्या गावच्या कबड्डी संघात कोपऱ्यातला पोरगा पकडी करून हिरो व्हायचा, आणि रेडरला त्या कोपऱ्यात ढकलणारा कव्हरवाला कोणाच्या लक्षातही राहायचा नाही. पंतांच्या हिशेबाने तो कव्हरवाला नापास.

हात कशाला बघतात तेही सांगतो. टॅकल (तुला अडवणारा समोरचा गडी) आणि तू एकाच वेळी पंजे टाकता. ज्याचा हात लांब त्याचा पंजा समोरच्याच्या छातीवर आधी बसतो. एकदा छातीवर बसला की तो माणूस स्टिअरिंगसारखा फिरवता येतो. आखूड हातवाल्याला दर वेळी हाताची चलाखी, पायाची चलाखी, काहीतरी करावं लागतं. ते कॉलेजात चालतं. रविवारी, म्हणजे एनएफएलमध्ये, समोर सगळेच तरबेज असतात.

आणि हो, 2023 मध्ये वॉकरच्या 10 सॅक, 2024 मध्ये साडेदहा. फुकट गेलेला माणूस असा नसतो.

प्लिमथचे_पंत

पहिल्या वर्षी किती, ते सोयीस्कर गाळलंत. साडेतीन! हचिन्सनच्या साडेनऊ, वर तीन इंटरसेप्शन (समोरच्याने फेकलेला चेंडू मध्येच पकडणं). 2024 मध्ये पाच सामन्यांत साडेसात झाल्या होत्या, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त, तेवढ्यात डॅलसला पाय मोडला. पाय! हाताचा संबंध नाही.

मापात_पाप

एरवी मी इथे फक्त वाचतो. फुटबॉल मला कळतो तो ऑफिसातल्या लोकांमुळे. पण टेपचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ. धावण्यात तालुक्यात पहिला, गोळा उत्तम, शाळेपासून एकच वेड, पोलीस. पुरुषांना उंची 165 सेंमी, छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 जास्त, हे आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. छातीची काळजी नव्हती. उंची घरी सकाळी 165 भरायची आणि संध्याकाळी 164 आणि थोडी. माणूस दिवसभरात सेंटिमीटरभर खचतो, हे मला विज्ञानाच्या पुस्तकाने सांगितलं नाही, भरतीने सांगितलं.

म्हणून आदल्या रात्री आम्ही मामाचा छोटा हत्ती ठरवला. मागे गादी टाकली. भावाला त्यावर आडवा करून पहाटे तीनला निघालो. वाटेत त्याला लघवीला लागली तर वडील म्हणाले, उभा राहू नकोस, बसून कर. हसू नका, आम्हीही तेव्हा हसलो नव्हतो. मैदानाबाहेर अशा सहा-सात गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीत एकेक पोरगा आडवा, उशाशी बाप.

नंबर लागला दुपारी दोनला. सहा तास उन्हात रांगेत उभा. 164.6. धावायलाही मिळालं नाही. अपिलात पुन्हा मोजला, 164.5.

तेव्हा अथेन्सकर, "पुढे कामाला येतो तो हात" हे वाक्य माझ्या भावासमोर बोलून दाखवा.

पिट्सबर्गची_पोर

अरे देवा. गादीवाला भाग वाचून बसची स्टॉपच चुकली.

माझे दोन सेंट: अ‍ॅरन डोनाल्ड. इथलाच, पिट विद्यापीठाचाच. 2013 च्या हंगामात 11 सॅक, साडेअठ्ठावीस टॅकल फॉर लॉस (चेंडूवाल्याला रेषेच्या मागेच पाडणं), आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक सगळ्या ट्रॉफ्या घरी. उंची सहा फूट एक इंचसुद्धा नीट भरेना, म्हणून "लहानखोर". कंबाइनला 40 यार्ड 4.68 मध्ये धावला तरी 2014 ला तेराव्या नंबरवर गेला. पुढे तीनदा वर्षाचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, एक सुपर बाउल (लीगचं विजेतेपद). बारा संघ टेप घेऊन बसले होते.

प्लिमथचे_पंत

अकरा. त्याला घेणाऱ्या रॅम्सकडेच दुसरा नंबरही होता, त्यांनी तिथे ग्रेग रॉबिन्सनला घेतला. एकाच संघाने त्याला एकदा सोडून मग उचलला. बाकी +१००.

अथेन्सकर

डोनाल्ड येणार हे माहीतच होतं. हा विषय निघाला की डोनाल्ड काढायचाच, जसा शिक्षणाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतो सचिन कुठे शिकला होता. अपवाद म्हणून लक्षात राहतो म्हणूनच तुम्हाला नाव आठवतं ना? आखूड हाताचे जे पन्नास पोरगे दोन वर्षांत घरी गेले त्यांची नावं सांगा.

मापात_पाप, तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण भरतीची तुलना चुकीची आहे. तिथे पात्र-अपात्रची रेघ आहे. इथे हचिन्सन अपात्र ठरला नाही, दुसरा आला. पहिल्याला करार सुमारे 3.74 कोटी डॉलरचा, दुसऱ्याला 3.57 कोटींचा. ह्या फरकासाठी मी तरी गादीवर झोपून जाणार नाही.

मापात_पाप

गादीची चेष्टा करू नका.

अथेन्सकर

चेष्टा नव्हती.

मापात_पाप

होती.

निवृत्त_तहसीलदार

कडू वाटेल, पण सांगतो. टेपला नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या नोकरीत जिथे जिथे मोजमाप नव्हतं, फक्त मुलाखत होती, तिथे कोणाचा फोन आला यावर निकाल लागायचा. टेप फोन उचलत नाही. आमदाराचा पुतण्या असो की शेतमजुराचा पोर, 164.6 म्हणजे 164.6. गरिबाच्या पोराला जी काही खात्री आहे ती त्या पट्टीवरच आहे. "काम बघून घ्या" म्हणणाऱ्यांना विचारा, काम बघणार कोण?

मापात_पाप

तहसीलदारसाहेब, पट्टी फोन उचलत नाही, पण पट्टी धरणारा उचलतो. भावाच्या पुढे जो उभा होता तो त्याच्या कानापर्यंत येत होता. तो आत गेला. मी नाव-गाव काही सांगत नाही, वीस वर्षं झाली. पण दाखवू नका मला पट्टी.

निवृत्त_तहसीलदार

हे नेहमीचं. प्रत्येक नापास मुलाच्या पुढे एक बुटका पास झालेला असतो.

मापात_पाप

तुम्ही निवृत्त झालात हे बरं झालं.

संपादक_३

व्यक्तिगत टिप्पणी नको. दोघांनाही ही एकदाच सूचना.

डॉक्टरीणबाई_कॅन्टन

सगळे इंच-सेंटिमीटर करताय, कवटीच्या आत काय होतं ते कोणी बोलत नाही. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाने तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. आणि सर्वांत जास्त टकरा कोणाच्या? लाईनवाल्यांच्या, दर स्नॅपला. माझ्या मुलाला आठवीच्या कोचने "छान फ्रेम आहे" म्हटलं, त्या दिवशी मी त्याला पोहण्याच्या क्लबात घातलं.

पिट्सबर्गची_पोर

काकू, ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बहुतेकांना शंका होती म्हणूनच. 110 हा सगळ्या खेळाडूंचा आकडा नाही, असं अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं होतं.

डॉक्टरीणबाई_कॅन्टन

माहीत आहे ग. तरी पोहतोच आहे तो. बाकी हचिन्सनचे वडीलही डॉक्टर आहेत, इमर्जन्सीतले, आणि स्वतः मिशिगनच्या डिफेन्सिव्ह लाईनवर कप्तान होते. त्यांना सीटीई माहीत नसेल का? तरी पाठवलं. हे मला अजून उलगडलेलं नाही.

टीए_दुःखी

मिशिगनच्या ह्याच कॅम्पसवर मी सहा वर्षं काढली. दीडशे मुलांचे थर्मोचे पेपर तपासले, भात आणि अंडी खाल्ली. जुलै 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा, 2025 पासून विद्यापीठ थेट पैसे देतं, विद्यापीठामागे वर्षाला दोन कोटी डॉलरच्या थोडं वरपर्यंत. आणि मला एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असताना वीकेंडला कॉफी विकायचीही परवानगी नव्हती. माझा हात कोणी मोजला नाही हो.

प्लिमथचे_पंत

तुझे पेपर बघायला एक लाख लोक बर्फात बसले असते तर तुलाही मिळाले असते. आणि हे अवांतर आहे. धाग्याचा विषय हचिन्सन आहे, तुझी अंडी नाही.

आता अथेन्सकर, दोन गोष्टी. एक: वॉकर फुकट गेला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा. साडेदहा सॅक ह्या साडेदहा सॅकच असतात, जॅक्सनव्हिलसारख्या संघात असल्या तरी. दोन: तुमचा कव्हरवाला मला पटला. कबड्डी मी खेळलोय, कव्हर खेळलोय, आणि माझंही नाव कोणाला आठवत नाही. घ्या, एवढं दिलं.

पण मग हेच सांगा. 2020 मध्ये हचिन्सनचा घोटा मोडला, तेव्हाच ड्राफ्टला गेला असता तर खालच्या फेरीत गेला असता. तो परत आला, अख्खं वर्ष खेळून 14 करून दाखवल्या. ते वर्ष कंबाइनच्या कुठल्या रकान्यात भरतात? ऑक्टोबर 2025 मध्ये लायन्सने चार वर्षांचे 18 कोटी दिले, त्यातले 14.1 कोटी हमीचे. त्याचा हात आता वाढलाय का?

अथेन्सकर

नाही वाढला. तुमच्या लायन्सने मात्र निवडण्याचा त्रासच घेतला नाही. आम्ही वॉकर उचलला म्हणून हचिन्सन तुमच्या दारात आला, स्टेडियमपासून अर्ध्या तासावर वाढलेला पोरगा. आभार माना आमच्या टेपचे.

(हो, पहिली निवड मला आज पुन्हा करायला सांगितली तर... जाऊ दे. धाग्यावर लिहून देणार नाही.)

प्लिमथचे_पंत

स्क्रीनशॉट काढला आहे.

पिट्सबर्गची_पोर

मापात_पाप, भावाचं पुढे काय झालं? विचारायचं होतं कधीपासून.

मापात_पाप

बरं चाललंय. गावात भरतीची अकॅडमी काढलीय. पहाटे साडेचारला साठ-सत्तर पोरं असतात मैदानावर. दरवर्षी दहा-बारा लागतात.

आता तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगतो. अकॅडमीच्या भिंतीवर पट्टी रंगवलेली आहे. प्रवेशाला आलेल्या पोराला तो आधी तिथे उभा करतो, तेही संध्याकाळी. 165 भरला नाही तर फी घेत नाही, चहा पाजून घरी पाठवतो. काही आया शिव्या देऊन जातात.

निवृत्त_तहसीलदार

हं.

अथेन्सकर

मी काहीही बोलत नाहीये.

मापात_पाप

नका बोलू.