माझा भिगवणचा फोटो मगवर छापून विकतायत, मला रॉयल्टी मिळते का? (मदत हवी आहे)

बँकेतली_पाखरं:
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी काही प्रोफेशनल फोटोग्राफर नाही, बँकेत नोकरी आणि थंडीत दोनतीनदा भिगवणची चक्कर, एवढंच. तर झालं असं की रविवारी वाढदिवसाला भाची आली आणि कॉफीचा एक मग दिला, म्हणे मावशी तुला पक्षी आवडतात ना म्हणून प्रदर्शनातून आणलाय, ३५० रुपये. उघडून बघते तर त्यावर माझाच फोटो! कुंभारगावला नावेतून काढलेला, तीन रोहित पक्षी, मधल्याने एक पाय वर घेतलाय आणि उजव्या कोपऱ्यात नावाड्याचा बांबू घुसलाय. त्या बांबूवरून मी नावाडीदादांशी चांगली हुज्जत घातली होती त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. डोळ्यात पाणी आलं तर भाचीला वाटलं गिफ्ट आवडलं.

हा फोटो २०१९ पासून एका स्टॉक साइटवर (जिथून लोक फोटो वापरायचं लायसन्स विकत घेतात) आहे. आत्तापर्यंत ११ डाउनलोड, बहुतेक ३३ नाहीतर ३८ सेंटचे. आता माझा प्रश्न, एका मगमागे मला किती मिळायला पाहिजेत? त्यांनी हजार मग विकले असतील तर? आणि मिळत नसतील तर कुणाला विचारायचं, साइटला, दुकानदाराला की वकिलाला? कृपया टोमणे नकोत, आधीच घरात ‘३३ सेंटवाली’ म्हणून नाव पडलंय.

सब्लिमेशन_भाऊ:
ताई मी मग, टीशर्ट छापतो, १२ वर्षं झाली. खरं सांगू का, गिऱ्हाईक व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतं आणि आम्ही छापतो. फोटो कुणाचा हे कुणी विचारत नाही, मी पण नाही विचारलं कधी. हे वाचून आता जरा पोटात गोळा आलाय.

फाइल_नंबर_सात:
ताई, एका मगमागे काही नाही मिळत. वाईट वाटेल पण तसंच आहे. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नाही, विकत घेणाऱ्याने एकदाच पैसे भरायचे आणि नंतर प्रत्येक कॉपीला रॉयल्टी द्यायची नाही असा तो शब्द आहे. तुमचा हिस्सा लायसन्सच्या रकमेवर. अॅडोबी स्टॉकला फोटोसाठी ३३ टक्के, शटरस्टॉकला १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणि दर १ जानेवारीला परत खालच्या पायरीपासून सुरुवात.

पण तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे. या साइट्सवर लायसन्स दोन प्रकारचं असतं. साधं लायसन्स घेऊन ब्रोशर, जाहिरात, पॅकिंग असलं पाच लाख प्रतींपर्यंत छापता येतं, पण जी वस्तू फोटोमुळेच खपते, म्हणजे मग, टीशर्ट, पोस्टर, ती विकायची तर मोठं लायसन्स लागतं, अॅडोबी त्याला एक्स्टेंडेड म्हणते, शटरस्टॉक एन्हान्स्ड. समजा ते ८० डॉलरला गेलं तर ३३ टक्क्यांनी तुम्हाला २६ डॉलर ४० सेंट. एकदाच. मग पुढे १० मग खपोत नाहीतर १० हजार. तुमच्या ११ मध्ये असं एखादं मोठं डाउनलोड दिसतंय का बघा. विकत कुणी घेतलं ते नाव मात्र तुम्हाला दिसणार नाही.

बँकेतली_पाखरं:
बघितलं. एकही नाही, सगळी साधी. म्हणजे चोरीच ना ही?

नोटीस_पाठवा:
सरळ नोटीस पाठवा. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, आपल्याकडे रजिस्ट्रेशन लागत नाही, आणि फोटोला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं संरक्षण आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, जाणूनबुजून केलं असेल तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मूळ रॉ फाइल, कार्ड, मगचं बिल जपून ठेवा.

विठूचा_कॅमेरा:
अवांतर, पण माझे वारीचे फोटो आहेत स्टॉकवर, ते कुणी मोठं लायसन्स घेऊन टीशर्टवर छापू शकतं का?

फाइल_नंबर_सात:
चेहरा ओळखू येतोय आणि त्या माणसाचं सही केलेलं मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायचं संमतीपत्र, नाही, तर तो ‘एडिटोरियल’मध्येच जातो. बातमी, लेख यासाठी चालेल. टीशर्टवर नाही, कितीही पैसे भरले तरी. पक्ष्यांची सही लागत नाही, ताई त्या बाबतीत सुखी.

नोटीसवाल्या दादांनी घाई केलीय पण. ताई, मगवर नेमकी कुठली फाइल छापलीय? स्टॉकवरची आणि मगवरची शेजारी ठेवून बघा ना एकदा.

बँकेतली_पाखरं:
अरे देवा.

स्टॉकवर टाकताना मी तो बांबू फोटोशॉपमध्ये पुसला होता. मगवर बांबू आहे! म्हणजे फाइल तिथली नाहीच. आणि बांबूवाली मी कुठे टाकली होती ते आत्ता आठवलं, २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका फुकट फोटोंच्या साइटवर, लाइक येतात म्हणून. पासवर्डसुद्धा आठवत नाही तिथला.

फाइल_नंबर_सात:
मग सगळं गणितच बदललं. अशा साइट्सवर तुम्हीच कमर्शियल वापराची परवानगी देऊन बसलेल्या असता. अनस्प्लॅश नावाच्या अशाच साइटचं लायसन्स तर मागे घेता येत नाही, आज फोटो डिलीट केला तरी ज्याने आधी घेतला त्याचा तो राहतो. एक अट मात्र असते, फोटोत पुरेसा बदल न करता तो तसाच विकायचा नाही. नुसता फोटो मगवर चिकटवणं म्हणजे ती अट मोडणं असं मी म्हणेन, पण खाली दोन ओळी लिहिल्या की ‘बदल केला’ म्हणणारे पण भेटतात. यावर वकील लावण्यात अर्थ नाही. मगच्या बुडाशी नंबर असेल, फोन करा आणि नीट बोला.

सब्लिमेशन_भाऊ:
आणि ताई, ओरडू नका फोनवर. आमच्यातले ९९ टक्के खरंच बावळट असतात, चोर नसतात.

बँकेतली_पाखरं:
केला फोन. एक बाई आहेत, घरूनच करतात, ६० मग छापलेत. घाबरल्याच आधी. म्हणाल्या फ्री लिहिलं होतं म्हणून घेतला. पुढच्या लॉटवर माझं नाव छापतील आणि मगमागे २० रुपये देतील, मी मागितले नव्हते, त्याच म्हणाल्या. लेखी द्या म्हटलंय, मेल येईल.

शेवटी म्हणाल्या, ताई राग येणार नसेल तर एक विचारू, तो कोपऱ्यातला बांबू काढून मिळेल का, गिऱ्हाईक सारखं विचारतं हे काय आहे. म्हटलं काढलेली फाइल आहे, पण ती स्टॉकवर आहे, मोठं लायसन्स घ्यावं लागेल.