व्हॅक्यूमवाले रेकॉर्ड क्लिनिंग मशीन घ्यायचे आहे, काय बघून घेऊ?

मंद्रसप्तक
काकांच्या संग्रहातल्या 300 च्या आसपास एलपी आणि साधारण 40 लाखेच्या (शेलॅकच्या), मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या 78 आरपीएम रेकॉर्डी माझ्याकडे आल्या आहेत. बरीच वर्षे पेटीत बंद होत्या. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत, काहींवर बोटांचे ठसे. कार्बन फायबरच्या ब्रशने वरची धूळ जाते, पण खरखर जात नाही, आणि हळू आवाजाच्या जागी ती फारच टोचते.
एका मशीनमध्ये रेकॉर्ड पूर्ण प्लॅटरवर (फिरत्या तबकडीवर) झोपते, दुसऱ्यात फक्त लेबलाखाली लहान चकती असते. विक्रेते मोटरच्या वॅटबद्दलच बोलतात. कोणते घेऊ? आवाजाचाही प्रश्न आहे, घरात लहान बाळ आहे.

पानगळ
आधी हाताने फिरवायचे, पाण्याच्या टाकीत रेकॉर्ड उभी धरणारे साधे यंत्र वापरून बघा. नुसते ठसे आणि धूळ असेल तर तेवढ्याने भागते.

कानसेन
बुरशी आहे म्हणताय, तर मी व्हॅक्यूमच सुचवेन. कारण सांगतो. ब्रशने घासल्यावर घाण सुटून पाण्यात येते. ते पाणी कापडाने टिपले की वरचे जाते आणि खाचेच्या तळाशी उरलेले तिथेच वाळते. म्हणजे घाण जागची हलली, रेकॉर्डबाहेर गेलीच नाही. व्हॅक्यूमचे काम एवढेच की ते पाणी वाळायच्या आत ओढून घ्यायचे.

म्हणून वॅटच्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. ओढणाऱ्या नळीला खाली एक लांब फट असते आणि तिच्या दोन्ही कडांना मखमली पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या पट्ट्या रेकॉर्डवर नीट टेकल्या तरच फटीत ओढ तयार होते. एखादी जुनी रेकॉर्ड धुऊन झाली की नळी उलटी करून पट्टी बघा: काळपट, पिठासारखा बारीक गाळ बसलेला दिसेल. तो पुसला नाही तर पुढच्या रेकॉर्डवर तोच घासला जाणार. तेव्हा विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचाराच. पट्ट्या सुट्या मिळतात का, आणि जादा नळी मिळते का? एक नळी मळक्या पाण्याला, दुसरी फक्त शेवटच्या डिस्टिल्ड वॉटरला. माझ्या मते हा फरक मोटरच्या ताकदीपेक्षा मोठा आहे.

तुमच्या बाबतीत तिसरा प्रश्नही आहे. 78 च्या बहुतेक रेकॉर्डी 10 इंची असतात. 12 इंचांसाठी केलेली फट त्यांच्या कडेबाहेर उघडी राहते, तिथून हवा शिरते आणि पाणी तसेच राहते. आखूड नळी मिळत नसेल तर ते मशीन तुमच्यासाठी नाही.

आता प्लॅटर. पूर्ण प्लॅटरवर रेकॉर्डला आधार असतो, त्यामुळे जोर देऊन घासता येते. पण पहिली बाजू धुऊन उलटली की ती स्वच्छ बाजू, जिथे मघाशी मळकी बाजू टेकली होती, तिथेच टेकते. मधे चटई बदलावी लागते. लेबलापुरत्या चकतीवर हा त्रास नाही. मात्र कडेला आधार नसल्यामुळे ब्रश हलक्या हाताने धरावा लागतो. बुरशीच्या रेकॉर्डी असताना मी दुसरा प्रकार घेईन. त्यात वरून बसणाऱ्या क्लॅम्पला रबरी कडा असायला हवी, लेबलावर एक थेंबही जाता कामा नये. छापील कागद एकदा भिजून फुगला की तो पूर्ववत होत नाही, आणि काकांच्या रेकॉर्डींवरची ती लेबलेही जपायला हवीत.

बाकी, दोन्ही दिशांना फिरणारी मोटर असावी, आणि टाकीतले पाणी काढायला मागे नळी किंवा तोटी असावी.

मंद्रसप्तक
खूप आभार. नळीच्या लांबीचे कोणीच सांगितले नव्हते. द्रावण कोणते वापरू? 78 आणि एलपीला एकच चालेल का?

कानसेन
नाही! हे कृपया मशीनवरच लिहून ठेवा. एलपी व्हिनाइलच्या असतात, त्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाख मात्र अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरच्या पॉलिशसाठी ती स्पिरिटमध्येच विरघळवतात. 78 ला फक्त अल्कोहोल नसलेले द्रावण, आणि तेही जास्त वेळ ठेवायचे नाही. काहींच्या आत कागदाचा थर असतो. अशा रेकॉर्डीला चीर गेली असेल तर तिला पाणी लावूच नका.

बुरशीवाल्या सगळ्यात शेवटी घ्या, वेगळ्या ब्रशने, आणि नंतर त्या पट्ट्या टाकून द्या. धुतलेली रेकॉर्ड जुन्या आतल्या पाकिटात परत घालू नका, बुरशी तिथेही असते.

तारषड्ज
आवाजाबद्दल: घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरइतका धरून चला. कीथ मंक्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची मशीन बरीच शांत असतात. त्यात लांब फटीऐवजी टोकाला बारीक तोंड असते, ते लेबलाकडून कडेकडे सरकत पाणी ओढते. तोंड रेकॉर्डला घासू नये म्हणून मधे एक दोरा असतो आणि तो पुढे सरकत राहतो. काम सुंदर होते, पण एकेका बाजूला वेळ लागतो आणि मशीन महाग असते.

कानसेन
सहमत. पण 300 रेकॉर्डींसाठी फटीची नळीच घ्या. एका बाजूला ओढ फक्त एक-दोन फेऱ्यांपुरती लागते, त्यामुळे मोठा आवाज थोडाच वेळ असतो. पृष्ठभाग कोरडा झाला की लगेच बंद करा. कोरड्या रेकॉर्डवर नळी फिरत राहिली तर स्थिर वीज साचते आणि हवेतली धूळ पुन्हा चिकटते. बाळ घरात नसताना दहा-बारा रेकॉर्डी उरकायच्या, मधे मोटर थंड होऊ द्यायची. ओरखड्यांची टकटक धुऊन जाणार नाही, झिजलेली खाचही भरणार नाही. पण घाणीची खरखर असेल तर ती पहिल्याच धुण्यात बरीच उतरलेली कळेल. सुरुवात एखाद्या कमी आवडत्या एलपीने करा, आणि वाजवण्याआधी सुईचे टोकही साफ करून घ्या.