गिटारचा नेक हाताने कोरताना हेडस्टॉकपाशी कपचे उडतात, मदत हवी आहे

महोगनीचा एकसंध नेक (गिटारची मान), हेडस्टॉकचा (तारांच्या खुंट्या असतात ते टोक) कोन 14 अंश. फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवायची, बोटं ठेवायची पट्टी) 6 मिमी जाड, ट्रस रॉडची (नेक वाकू नये म्हणून आत बसवायची धातूची सळई) खाच 9 मिमी खोल. पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे पट्टीवरची धातूची आडवी तार) फ्रेटबोर्डसह 21 आणि बाराव्यापाशी 23 मिमी जाडी हवी आहे. म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी खाचेखाली जेमतेम 6 मिमी लाकूड उरतं, चुकायला जागा नाही.

या दोन ठिकाणी कानशीने आकार काढून मधला भाग स्पोकशेव्हने (दोन मुठींचा छोटा रंधा) जोडला. तिथवर ठीक. पण हेडस्टॉककडे वळताना लाकडाची नस उलटी होते आणि पातं कितीही धारदार असो, कपचे निघतातच. तिथे गोल कानस आणि स्क्रेपरच (लाकूड खरवडायची पोलादी पट्टी) चालवावा, की दोन्ही बाजूंनी वळणाच्या तळाकडे कापत यावं? पॉलिश पेपरसाठी अर्धा मिमी जादा ठेवलाय, पुरेल ना?