परसातल्या कोंबड्यांची मारामारी: चोच कापावी, कोंबडी विकावी, की खुराडं बदलावं?

कृष्णाकाठ (कराड)
खुराड्यात एक कोंबडी दुसरीला टोचून रक्त काढायला लागली की आपल्याकडं दोनच सल्ले मिळतात. चोचीचं टोक उडवा, नाहीतर बाजारात नेऊन विका. मला दोन्ही पटत नाहीत.

कोंबड्यांत मानपान असतोच. दाण्यावर आधी कुणी जायचं, वरच्या बांबूवर कुणी बसायचं, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉरलीफ श्येल्डरुप-एबे यांनी १९२१ साली ही उतरंड शास्त्रीय पद्धतीनं मांडली. त्यातली टोचाटोची डोक्यावर, तुऱ्यावर होते. वरचढ कोंबडी एक टोच मारते, दुसरी मान खाली घालून बाजूला सरते आणि विषय मिटतो. त्यात आपण पडूच नये. पाठीवरची पिसं उपटून खाणं, शेपटीखाली टोचणं हे मात्र वेगळं दुखणं आहे. दाटी, खाद्य किंवा भगभगीत उजेड यांतलं काहीतरी तिथं बिघडलेलं असतं आणि शिक्षा कोंबडीला होते. आधी खुराडं तपासा, मग कोंबडी.

माणदेशी (आटपाडी)
दादा, आमच्याकडं आजीच्या आधीपासून गावरान कोंबड्या आहेत. मारकी ठेवायची नाही आणि तिची अंडी उबवायला खुडूक कोंबडीखाली घालायची नाहीत, एवढाच नियम. मारकेपणा वाणात उतरतो. आमच्या कोंबड्या दिवसभर रानात हिंडतात, तरी एखादी निघतेच जी तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना, दाण्याजवळ फिरकू देत नाही. तिला कुठली जागा कमी पडली?

कृष्णाकाठ (कराड)
वाणात उतरतो हे मान्य. पण तुम्ही काढता ती बहुतेक वेळा पहिल्या मानाची कोंबडी असते. ती गेली की खालच्यांची भांडणं नव्यानं लागतात. तिला आठवडाभर इतरांच्या नजरेआड, वेगळ्या डालग्यात ठेवून बघा. परत सोडल्यावर ती नवखी ठरते आणि बऱ्याचदा खालच्या पायरीवर येते. आणि दाणा एकाच भांड्यात देऊ नका. लांब लांब दोन-तीन ठिकाणी ठेवला की एकटी कोंबडी सगळीकडं राखण करू शकत नाही.

लेअरवाला (पलूस)
परसात दहा-वीस पक्षी असतात तेव्हा हे सगळं बोलायला सोपं. मोठ्या शेडमध्ये एकीला रक्त निघालं की बाकीच्या त्या लाल जागेवर तुटून पडतात, सकाळी मेलेले पक्षी उचलावे लागतात. म्हणून पिल्लं ७ ते १० दिवसांची असतानाच तापल्या पातीनं चोचीचं टोक घेतात. मर कमी होते. धंदा करणाऱ्याला क्रूर ठरवू नका.

कृष्णाकाठ (कराड)
तुम्हाला क्रूर म्हणत नाही. माझा आक्षेप घरी कात्रीनं मोठ्या कोंबडीची चोच कापण्याला आहे. चोचीच्या टोकापर्यंत नसा असतात. मोठेपणी कापली तर दुखणं टिकून राहतं, कोंबडी खाणं कमी करते. शिवाय परसातली कोंबडी दिवसभर त्याच टोकानं मातीतले किडे वेचते, पिसांतल्या उवा काढते. ते टोक गेलं तर ती जगायची कशावर?

तासगावची ताई
सगळ्या दादांचं बोलणं वाचलं. नुसती जागा वाढवून भागत नाही, खाद्य बघा. आमच्या भागात परसातल्या कोंबड्यांना मक्याचा भरडा घालतात. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला सोळाच्या पुढं हवीत. पीस म्हणजे प्रथिनच, मग ती शेजारणीचं पीस खाते. काहीजण वर शेंगपेंड घालतात, पण तिच्यात मेथिओनिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी असतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. सोयापेंड आणि मूठभर सुकट घालून बघा. मीठही विसरू नका, पण बेतानं.

नवीन तलंगा आणल्या की खरी परीक्षा असते. एकटी कधीच सोडू नका, दोन-तीन एकदम सोडा. त्याआधी आठवडाभर मधे जाळी लावा, म्हणजे एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही. मग रात्री अंधारात बांबूवर नेऊन बसवा. सकाळी लसूणघासाची पेंडी दोरीनं अशी टांगा की मान उंचावूनच पान तोडता येईल. पेंडी झोके घेते, सगळ्या तिच्याकडं वळतात आणि नवीन पोरींना सुटका मिळते. कोपऱ्यात कडब्याची पेंढी तिरकी उभी करा, मागं लपायला जागा होते. अंडी घालायची जागा काळोखी हवी. उजेडात अंडं घालताना मागची लाल जागा दिसली की टोचणं सुरू होतं.

जावळीचा पाव्हणा (मेढा)
आणि मारका कोंबडा? आमचा कोंबडा पोरांच्या अंगावर उडतो. एकजण झुंजीसाठी मागतोय, चांगले पैसे देतो म्हणतो.

तासगावची ताई
झुंजीला देऊ नका, भाऊ. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या मुक्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच. लहान पोरं असतील तर असा कोंबडा घरात नको. पायाची नखी डोळ्याला लागली तर काय करणार? कोंबडे दोन आणि कोंबड्या पाच-सहाच असतील तरी कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा बास.

लेअरवाला (पलूस)
ताईंचं खाद्याचं पटलं. शेडमध्येही खाद्य बदललं की टोचणं वाढतं, हे आम्ही बघतो. चोचीबद्दल मात्र माझं मत तेच.

माणदेशी (आटपाडी)
दाणा दोन-तीन ठिकाणी ठेवायचं करून बघतो, जाळीचंही. जखमी पक्षी वेगळा काढून, हळद लावून, खपली पडेपर्यंत परत सोडायचा नाही हे आम्हीही पाळतो. पण डालग्यातून सोडल्यावरही जी रक्त काढेल ती माझ्या दारात राहणार नाही, आणि तिचं एकही अंडं उबवायला घालणार नाही.