नवी बॅटरी टाकली तरी गाडी चालू होईना, आजच मदत हवी आहे

धनकवडीकर
काल नवी बॅटरी आणून घरीच बसवली. तेव्हापासून गाडी चालू होत नाही. सगळं करून बघितलं. उद्या सकाळी चाकणला पहिली शिफ्ट आहे. काय करू?

मल्टिमीटर
कुठली गाडी? स्टार्टर मारल्यावर टकटक होतं, इंजिन फिरतं, की काहीच नाही? मीटरचे दिवे लागतात का?

भोरचा_बुलेटवाला
दुसरा गिअर टाकून धक्का मारा. माझी कात्रजच्या बोगद्याजवळ अशीच बंद पडली होती, दोघांनी ढकलली आणि लगेच चालू झाली.

धनकवडीकर
यामाहाची एफझी बाईक, २०२१ची. किक नाही. सोसायटीच्या उतारावरून तीनदा ढकलून झाली.

मल्टिमीटर
बुलेटवाले, तुमची कार्ब्युरेटरची असेल. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बॅटरीवर चालतात. करंटच नसेल तर खंबाटकीच्या उतारावर सोडली तरी चालू व्हायची नाही. धनकवडीकर, दिव्यांचं सांगा.

रोजचा_हिंजवडी
टाकी रिकामी करून बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. माझ्या स्कूटरला पावसाळ्यात हाच त्रास झाला. शिवाय अ‍ॅव्हरेजही कमी झालंय, तुम्हाला किती मिळतं?

भोरचा_बुलेटवाला
गाडी बॅटरी बदलल्यावर बंद पडली आहे, त्यात टाकी कुठून आली? नवी बॅटरी दुकानात महिनोन्‌महिने पडून असते. आधी रात्रभर चार्जिंगला लावा.

धनकवडीकर
रात्रभर वेळ नाही हो! शेजारच्या काकांचा मीटर लावला, बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते. पण किल्ली फिरवली की अंधार. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही.

मल्टिमीटर
मग बॅटरी भरलेली आहे, करंट पुढे जात नाही. बसवताना ठिणगी उडाली होती का?

धनकवडीकर
हो. जुन्या बॅटरीचं प्लस डावीकडे होतं, हिचं उजवीकडे आहे. सवयीने दोन्ही वायरी उलट लागल्या. दुसरी टेकवली आणि चट्ट झालं. लगेच काढून सुलट लावल्या, म्हणून लिहिलं नव्हतं.

मल्टिमीटर
हेच पहिल्यांदा सांगायचं होतं. मेन फ्यूज उडाला आहे. बॅटरीजवळच असेल. काढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली दिसेल. नवा तेवढ्याच अँपिअरचा टाका, आकडा फ्यूजवरच असतो. तार गुंडाळून काम भागवू नका, सगळं वायरिंग जळेल. आणि आधी मायनस काढा, फ्यूज बदलून झाल्यावर ती शेवटी लावा.

धनकवडीकर
पट्टी मधोमध तुटलेली, प्लॅस्टिक आतून काळं. कोपऱ्यावरच्या दुकानात फ्यूज मिळाला. किल्ली फिरवल्याबरोबर पंपाचा गुंऽऽ आवाज आला आणि पहिल्या स्टार्टरला चालू! खूप आभार.

मल्टिमीटर
थांबा. उलट जोडणीत रेक्टिफायरही जाऊ शकतो, म्हणजे इंजिनकडून येणारा करंट बॅटरी चार्ज होईल असा करून देणारा भाग. गाडी चालू ठेवून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.५ ते १४.५ यायला हवं. १२च्या घरातच राहिलं तर चार्जिंग होत नाहीये, वाटेत बंद पडाल.

धनकवडीकर
१४.१. फक्त लाल वायर ताणून लावावी लागली आहे.

भोरचा_बुलेटवाला
ती तशी ठेवू नका. ताणलेली वायर बॉक्सच्या कडेला घासते, वरचं रबर सोलतं, पुन्हा शॉर्ट होईल. आज टर्मिनलला रबरी टोपी घाला, वायरीला टेप गुंडाळा, आणि शिफ्ट संपली की बिल घेऊन जा, डावीकडे प्लस असलेलीच बॅटरी बदलून घ्या.