आरपार दिसणाऱ्या नळीवर पेटंट: शोध की लबाडी?

डायवाला: प्लास्टिक मुळातच पारदर्शक असताना 'पारदर्शक कॅथेटर'वर, म्हणजे शरीरात घालायच्या आरपार दिसणाऱ्या नळीवर, पेटंट मागायचं, ही मला लबाडी वाटते. सलाइनची कॅन्युला बघा, सुईवर चढवलेली, शिरेत ठेवायची बारीक नळी. एफईपी (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) किंवा पॉलियुरेथेनची नळी बऱ्यापैकी आरपार दिसते. एक्स-रेत दिसावी म्हणून बेरियम सल्फेटची पांढरी पूड घालतात. पण सगळ्या भिंतीत घातलं तर ती पांढरीफटक होते, म्हणून नुसत्या पट्ट्या ओढतात. असल्या पट्ट्या आमच्या नळ्यांच्या कारखान्यातला ऑपरेटर रोज काढतो. तोही शोधकच मग!

रात्रपाळी: दादा, सुई तुम्हाला टोचायची नसते. पहाटे तीनला, अंगातलं पाणी कमी झालेल्या आजींच्या हाताला शीर सापडत नाही. सुईच्या मागच्या चेंबरमध्ये रक्त आलं की सुईचं टोक शिरेत आहे एवढंच कळतं. नळी आत गेली का, ते नाही. टोकाजवळ खाच असलेल्या सुईत रक्त सुई आणि नळीच्या मधून चढतं, अन् पट्ट्यांच्या मधल्या फटीतून लाल रेघ दिसते. ती दिसली की जीव भांड्यात पडतो. खाच जुनी असेल, नळी जुनी असेल, जोडी कुणाला सुचली ते बोला.

डायवाला: मग पेटंटचा दावा जोडीपुरताच करा ना. आणि जोडीचंही सोपं नाही. मिर्झापूरची भांडी लेथवर धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट सुप्रीम कोर्टाने १९७८ साली टिकू दिलं नाही. कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

कज्जेदलाल: नळी करणारा एक आणि तिचा गुण ओळखणारा दुसरा असला तर? अॅरिझोनात गोर कंपनीच्या पीटर कूपरने ताणलेल्या टेफ्लॉनच्या नळ्या डॉ. डेव्हिड गोल्डफार्बना दिल्या. पांढऱ्या, रक्तवाहिनीच्या जागी बसवायच्या. पण भांडण याच जातीचं. दोघांचे अर्ज १९७४ चे, गोल्डफार्बना पेटंट मिळालं २००२ मध्ये. कारण टेफ्लॉनमधल्या तंतूंची लांबी किती हवी, याचं महत्त्व कूपरना आधी कळलं होतं असं सिद्ध झालं नाही. पुढे २००७ मध्ये ज्यूरीने त्याच पेटंटच्या उल्लंघनासाठी गोरला १८.५ कोटी डॉलर भरायला सांगितलं.

डायवाला: म्हणजे ज्यांनी नळी दिली त्यांच्याच खिशातून? सँपल पाठवायचीच चोरी झाली की!

रात्रपाळी: पाठवा हो. फक्त नळी कशी वागते ते आम्हाला विचारायलाही या कधी.